टोमॅटोच्या वाफ्यातली नळी

मी एक जुनी रायफल आहे. माझ्यासोबत कारखान्यातून बाहेर पडलेल्या इतर रायफलींपेक्षा माझी नळी दोन इंचांनी आखूड आहे. ती आखूड कशी झाली हे सांगताना मला अजूनही शिसारी येते. तरी सांगते. मित्रांनो, शिकारीचं नाव काढताच तुमच्यातल्या काहींनी नाक मुरडलं असेल. खुशाल मुरडा. मी सत्तर वर्षं तेच काम केलं आणि त्यातल्या एका दिवसाबद्दल माझं नाक तुमच्यापेक्षा जास्त मुरडलेलं आहे. तो दिवस सांगण्यासाठीच हे सगळं.

माझा जन्म अमेरिकेत, पूर्वेकडच्या कनेटिकट राज्यात १९५२ साली झाला. एका जाडजूड बाईनं माझ्या मधल्या पोलादी भागावर नंबर ठोकला, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता जोडला आणि मला खोक्यात झोपवलं. खोकं उघडलं ते वायोमिंगमध्ये, बिगहॉर्न डोंगराच्या पायथ्याशी, पायनी फोर्क गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात. तिथं मी काटेरी तारेची भेंडोळी आणि घोड्यांचे नाल यांच्यामध्ये उभी राहिले. नोव्हेंबरात एक मेंढपाळ आत आला. हाल्वर ट्वाइट त्याचं नाव. हाताला मेंढीच्या लोकरीचा वास आणि बोलण्यात नॉर्वेचे हेल.

"डोंगरात अडकलो आणि काडतुसं संपली, तर शेजाऱ्याकडे कुठली सापडतील?" त्यानं दुकानदाराला विचारलं.

"थर्टी-ऑट-सिक्स. ती तर पाद्र्याच्या घरीसुद्धा असतात."

"मग तीच रायफल दे."

झालं. माझं कॅलिबर, म्हणजे कुठल्या मापाची गोळी मी झाडायची, ते एवढ्या बोलण्यात ठरलं. त्याला त्या दिवशी मेंढ्यांसाठी मीठही घ्यायचं होतं, त्यामुळे जास्त वेळ नव्हता.

हाल्वरनं मला वीस वर्षं वापरलं. एका हिवाळ्यात त्याचा मुलगा ऑरिन, तेव्हा जेमतेम मिसरूड फुटलेला, एका हरणावर माझी गोळी झाडून म्हणाला, "हुकली." हरीण उड्या मारत टेकडीआड गेलं होतं. हाल्वर बर्फातून चालत हरीण उभं होतं तिथं गेला, वाकला आणि त्यानं बोटानं बर्फातला लाल ठिपका दाखवला. ठिपक्यांच्या मागे जाऊन त्यांना ते हरीण ओढ्यात पडलेलं सापडलं. त्या दिवसापासून ट्वाइटांच्या घरात एक रीत पडली. गोळी सुटली की जनावर उभं होतं तिथं चालत जायचं. तिथल्या झुडपाला नारिंगी फीत बांधायची. तिथून चहूकडे अर्धा तास रक्त शोधायचं. त्यानंतरच "हुकली" हा शब्द तोंडातून काढायचा. फितीचं गुंडाळं बेकिंग पावडरच्या डब्यात असायचं आणि डबा माझ्याशेजारच्या फळीवर.

पुढं मी ऑरिनची झाले. त्यानं माझ्यावर दुर्बीण बसवली, दर रविवारी जुन्या मोज्यानं मला तेल लावलं. कुरणातली काळविटासारखी चपळ प्रॉन्गहॉर्न, हरणं आणि वरच्या जंगलातले एल्क या सगळ्यांना मी पुरले. एल्क म्हणजे सांबराचा थोरला भाऊ समजा, एक सापडला की घराचा हिवाळा निघतो. पहिल्या संध्याकाळी त्याचं हृदय बिडाच्या काळ्या तव्यात कांद्यावर परतून खायचं, ही त्या घरची दुसरी रीत. लोक दारात उभे राहून माझं कौतुक करायचे आणि मी खुंटीवरून ऐकायचे. चांगले दिवस होते, आणि चांगल्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं फार काही नसतं.

ऑरिनची मुलगी मॅरिट बाराव्या वर्षी पहिल्यांदा माझ्यामागे आडवी झाली. दातावर दात दाबून, डोळा न मिटता तिनं चाप ओढला. नंतर ती शाळेची बस चालवू लागली. तिनं लग्न केलं ब्रँट कॉलीशी आणि दोघं ऑरिनच्याच घरात राहिले. ब्रँट गॅसच्या विहिरींवरचे मीटर तपासायचा. माणूस वाईट नव्हता. मॅरिटच्या आधी उठून तिच्यासाठी कॉफी करायचा, सासऱ्याच्या दारातला बर्फ काढायचा. पण त्याच्या डोक्यात एक किडा शिरला. त्याला अशी एकच रायफल हवी होती जी जवळचं, लांबचं, लहान, मोठं, सगळं मारील. आणि तिचं कॅलिबर कोणतं असावं, हे त्याला ठरवायचं होतं.

मित्रांनो, हे ठरवण्यात दोन हिवाळे गेले. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर गोळ्यांच्या आकड्यांचे तक्ते पसरले जायचे आणि मी त्याच्या डोक्यावर दोन फुटांवर टांगलेली असायचे. जवळचं, लांबचं, लहान, मोठं सगळं मारून झालेली. त्यानं एकदाही मान वर करून पाहिलं नाही.

"साडेसहा मिलिमीटर वाऱ्यात ढळत नाही," ब्रँट सांगायचा, "पण लांबवर एल्कला पुरेल एवढा जोर त्यात उरत नाही. तीनशे मॅग्नमला जोर आहे, पण धक्का असा की खांद्याची वाट लागते. म्हणजे सात मिलिमीटर."

"गेल्या मंगळवारी तू तीनशे म्हणाला होतास," डेल ऑस्टरहूट म्हणाला. डेल गावात बंदुका दुरुस्त करायचा आणि कॉफी फुकट मिळते म्हणून या टेबलावर यायचा.

"मंगळवारी मी समुद्रसपाटीचा तक्ता बघत होतो."

"बरोबर. इथं समुद्राचा फार त्रास."

"हसा. पण आठशे यार्डांवर गोळी किती खाली येते, ते तुम्हाला एकाला तरी सांगता येईल का?"

ऑरिननं बशीतला दालचिनीचा रोल मोडला. "आणि एल्कचं काय मत आहे? त्याला कुठलं आवडतं?"

डेलच्या नाकातून कॉफी आली. ब्रँटचे कान लाल झाले. "तुम्ही जन्मात कधी तीनशे यार्डांपलीकडे गोळी झाडली नाहीत, ऑरिन."

"नाही झाडली. मला चालता येत होतं."

मला हसू आलं नाही. रोज तेच आकडे, तीच गोळी, तोच वारा. त्या सगळ्या बोलण्यात मरणाऱ्या जनावराचा उल्लेख एखाद्या पाटीसारखा, जिच्यावर नेम लावायचा. अंगावर बुरशी चढावी तसा मला त्या बोलण्याचा वीट येत गेला.

मग जून महिन्यात मॅरिटची चिठ्ठी निघाली. क्रेझी वुमन नावाच्या दरीकडच्या भागात मोठ्या नर एल्कचे मोजके परवाने देतात आणि तेही चिठ्ठ्या काढून. मॅरिट सोळा वर्षं अर्ज करत होती. सोळा वर्षं "क्षमस्व" वाचून झाल्यावर त्या दिवशी ती फोन हातात धरून टेबलाशी नुसती बसून राहिली. ऑरिन तेव्हा एकोणऐंशीचा. त्यानं मला खुंटीवरून काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

"घे. आता ही तुझी. माझ्या खांद्याला सोसत नाही." मग दाराकडे जाताना म्हणाला, "कांद्याचा एक वाफा जास्त लावतो. त्या भागातल्या नराचं हृदय एका तव्यात मावत नाही म्हणतात."

मी तिची झाले तो क्षण मी विसरणार नाही. पण त्याच रात्री जेवणं झाल्यावर ब्रँट तिला म्हणाला, "त्या दरीत नर काही तुला जवळ येऊ देणार नाहीत. सोळा वर्षं थांबलीस. सातशे यार्डांवर उभा राहिला तर काय करशील, हात हलवून टाटा करशील? मधला भाग हाच ठेवू, झकास आहे. फक्त नळी बदलायची. सात मिलिमीटर. डेल आठवड्यात करून देईल."

मॅरिट हावरट नव्हती. ती घाबरली होती. सोळा वर्षं वाट पाहिलेली गोष्ट हातात आल्यावर माणूस जसा घाबरतो तशी. दुसऱ्या दिवशी ती बापाकडे गेली.

"बाबा, नळी बदलू का?"

"रायफल तुझी आहे."

"ते माहीत आहे. तुम्हाला काय वाटतं ते विचारतेय."

"मला वाटतं, रायफल तुझी आहे."

त्या गावात दुसऱ्याच्या घोड्याबद्दल, बायकोबद्दल आणि बंदुकीबद्दल कुणी सल्ला देत नाही. हा मोठेपणा समजतात. मला ऑरिनचा फार लळा, तरी सांगते, त्या वेळी त्यानं तोंड उघडायला हवं होतं.

डेलनं मला शिकंज्यात आवळलं, नळीला पान्हा लावला आणि पिळलं. बहात्तर वर्षं एकजीव असलेली ती सांध्यातून सुटली तेव्हा किंचाळल्यासारखा आवाज झाला. डेलनंही तोंड वाकडं केलं. माझ्यावर नवी, जाड, चकचकीत नळी चढली. अक्रोडाचा दस्ता काढून करड्या प्लॅस्टिकचा लावला. वर शेंगदाण्याच्या डब्याएवढी दुर्बीण आली. आणि माझी नळी? "फेकायची कशाला," असं म्हणून ब्रँटनं ती घरी नेली आणि टोमॅटोचं झाड कलंडत होतं त्याच्याशेजारी तोंड खाली करून मातीत ठोकली. वर चिंधीनं झाड बांधलं. मला ते खिडकीतून दिसायचं. रोज सकाळी नळीवर पाणी पडायचं. ऑरिन त्या वाफ्याकडे जायचाच बंद झाला.

ऑक्टोबरमध्ये आम्ही दरीवर गेलो, मॅरिट, ब्रँट आणि मी. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन उतरणीला लागलं तेव्हा पलीकडच्या उतारावर तो दिसला. मी खूप एल्क पाहिलेत, पण असा नाही. शिंगं मागे टाकून तो सेजच्या झुडपांत उभा होता, आपल्याच डोंगरावर, निवांत.

"आठशे साठ यार्ड," ब्रँट अंतर मोजायच्या यंत्रात पाहून कुजबुजला. "वारा डावीकडून. मी आकडे सांगतो तशी दुर्बिणीची चकती फिरव."

"लांब आहे, ब्रँट. खाली उतरून जवळ जाऊ."

"उतरेपर्यंत अंधार पडेल. हाच तो, मॅरिट. याच्यासाठीच केलंय सगळं."

तिनं श्वास सोडला आणि चाप ओढला. माझी गोळी सव्वा सेकंद हवेत होती. तेवढ्या वेळात एल्कनं एक पाऊल पुढं टाकलं, पुढचं गवत खायला. ते पाऊल ब्रँटच्या कुठल्याही तक्त्यात नव्हतं. एल्क दचकला, वळला आणि चालत झाडांत गेला.

"वरून गेली," ब्रँट म्हणाला. "धूळ उडालेली दिसली मला. हुकली."

"बघून येऊ."

"दोन तास खाली, दोन तास वर. कशासाठी? धूळ बघायला? लागली असती तर पडला असता. उद्या पुन्हा दिसेल."

मॅरिटचा हात जाकिटाच्या खिशात होता. खिशात फितीचं गुंडाळं होतं, मला त्याचा चुरचुर आवाज येत होता. तिनं दरीकडे पाहिलं, उतरत्या उन्हाकडे पाहिलं. मग हात बाहेर काढला, रिकामा, आणि मला खांद्याला अडकवलं. मित्रांनो, मी लोखंडाची आहे. मला ओरडता आलं असतं तर तेव्हा ओरडले असते. आम्ही तंबूकडे परत गेलो आणि त्यांनी डब्यातली चिली, म्हणजे राजमा-मांसाची उसळ, गरम करून खाल्ली.

पुढचा दिवस वाया गेला. त्यानंतरच्या सकाळी दोनशे यार्डांवर दुसरा नर दिसला, लहान पण चांगला. ब्रँटनं तिच्या दंडाला स्पर्श केला. मॅरिटनं मला उचललंच नाही. ती दरीपलीकडे पाहत होती. तिथं झाडांवर डोमकावळे घिरट्या घालत होते, दहा, पंधरा, वीस.

ती दरीत उतरू लागली. ब्रँट मागून हाका मारत राहिला आणि मग तोही आला. दोन तासांनी आम्ही पलीकडे पोचलो. वास आधी आला. ऑक्टोबरचं ऊन त्या वर्षी कडक होतं. एल्क एका पडलेल्या ओंडक्याला टेकून बसल्यासारखा मेला होता. पोट ढोलासारखं फुगलं होतं. डोळे डोमकावळ्यांनी नेले होते. मागच्या बाजूनं काहीतरी आत शिरून खाऊन गेलं होतं आणि उघड्या पडलेल्या मांसावर हिरवी छटा चढली होती. ओंडक्याभोवतीची माती खुरांनी उकरलेली होती. तो लगेच मेला नव्हता. सगळी रात्र त्याला लागली होती.

ब्रँटनं बाही नाकावर धरली. "हा आपला कशावरून? अख्ख्या डोंगरात शिकारी फिरताहेत."

मॅरिटनं सुरी काढली. तिनं नाक झाकलं नाही. पोटाला चीर दिली तेव्हा जे बाहेर आलं त्यानं ब्रँट चार पावलं मागे गेला आणि झुडपात ओकला. तिनं कोपरापर्यंत हात आत घातला आणि बराच वेळ चाचपत राहिली. मग मूठ बाहेर काढून त्याच्यासमोर उघडली. तांब्याचा एक वेडावाकडा गोळा होता, अजून चकाकत होता.

"सात मिलिमीटर," ती म्हणाली. "तूच निवडलं होतंस."

ब्रँट खाली बसला. हळू आवाजात म्हणाला, "मॅरिट, कुणी पाहिलेलं नाही. अजून चार दिवस आहेत. तो दुसरा नर तिथंच आहे. सोळा वर्षं, मॅरिट."

मला जन्मात इतकी किळस कधी आली नव्हती. त्या हिरव्या मांसाची नाही. मांसाचा काय दोष, ते वेळेवर कुणी घ्यायला आलं नाही एवढंच. किळस त्या चार दिवसांची आली. आणि खरं सांगायचं तर माझी स्वतःचीही, कारण गोळी माझ्यातूनच सुटली होती.

मॅरिटनं खिशातून परवाना काढला. एका परवान्यावर एकच नर, आणि मारल्याची तारीख परवान्यातून कापून काढायची असते. तिनं सुरीच्या टोकानं दोन दिवसांपूर्वीची तारीख कापली, सही केली आणि तो कागद सडलेल्या एल्कच्या शिंगाला बांधला. सोळा वर्षं त्या दोऱ्याच्या गाठीत गेली. मग वर उतारावर गेली, तो उभा होता त्या सेजच्या झुडपापाशी. रक्त होतंच. वाळून काळं झालेलं, पण पहिल्याच पावलावर. तिनं तिथं नारिंगी फीत बांधली आणि तेव्हा मात्र ती रडली. डोंगर उतरल्यावर तिनं स्वतःच वन्यजीव खात्याच्या माणसाला फोन करून सगळं सांगितलं.

घरी पोचलो तेव्हा काळा तवा चुलीवर होता. शेजारी ताटलीत कांदा चिरलेला. तो पहिल्या दिवसापासून रोज नवा चिरला जात होता. ऑरिन दारात आला, त्यानं मुलीकडे पाहिलं आणि तिच्या कपड्यांचा वास त्याच्यापर्यंत पोचला. ऐंशीला टेकलेल्या शिकाऱ्याला त्या वासाचा अर्थ सांगावा लागत नाही.

"पलीकडे गेला होतात?" त्यानं विचारलं.

"दोन दिवसांनी."

तो आत गेला. कांदा कोंबड्यांना टाकला, तवा पुसला आणि खुंटीला अडकवला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो हिवाळा त्यांनी दुकानातलं मांस खाल्लं.

नोव्हेंबरच्या एका संध्याकाळी ब्रँटनं पुन्हा तक्ते काढले. खूप दिवस गप्प होता बिचारा, आणि गप्प माणसाला काहीतरी धरायला लागतं. "मी हिशेब केला," तो म्हणाला. "चूक कॅलिबरची होती. तीनशे मॅग्नमची गोळी लवकर पोचली असती. ते पाऊल..."

मॅरिट उठली. तिनं मला खुंटीवरून काढलं, दुसऱ्या हातात कुदळ घेतली आणि बाहेर गेली. जमीन गोठायला लागली होती. टोमॅटोचं काळं पडलेलं झाड अजून नळीला चिंधीनं बांधलेलं होतं. तिनं चिंधी तोडली, कुदळीनं माती फोडली आणि नळी उपटली. ब्रँट दारातून पाहत होता. ऑरिनही.

डेलनं नळी उजेडात धरून आत पाहिलं आणि शिटी वाजवली. "तोंडाशी गंजानं पार खाल्लीय. दोन इंच कापावी लागेल. आत खड्डे आहेत ते राहतील. मॅरिट, मी खोटं नाही सांगणार, हिच्यानं लांबचं जमणार नाही आता. दीडशे. फार तर दोनशे."

"त्यापुढं मला दिसतंही नाही नीट."

"काल तर तुला चार मैलांवरची पाटी वाचता येत होती."

"बसव, डेल."

अशी माझी नळी मला परत मिळाली. दस्ताही मिळाला, तो ऑरिननं पलंगाखाली लपवून ठेवला होता. पुढच्या वर्षी मॅरिटनं पुन्हा अर्ज केला आणि पुन्हा "क्षमस्व" आलं. आधीची सोळा सोडून, नव्या मोजणीतलं हे पहिलं.

मित्रांनो, माझी निगा राखा, मला तेल लावा, अशी विनवणी मी करणार नाही. तेलाशिवाय मी फार तर गंजेन. तुमच्यातले बहुतेक जण बंदूक कधी हातात धरणार नाहीत, आणि न धराल तेच बरं. पण तुम्ही काहीतरी लांबून फेकालच, दगड, चेंडू, एखादा शब्द. लागलं की हुकलं, हे लांबून ठरवू नका. तिथं चालत जा आणि वाकून बघा.

त्या सप्टेंबरात मॅरिटनं कुरणात एकशे चाळीस यार्डांवर एक प्रॉन्गहॉर्न मारली. ती जागेवरच कोसळली, सगळ्यांना दिसत होती. तरीही ब्रँट उठला. तिच्या खिशातून फितीचं गुंडाळं घेतलं, चालत गेला आणि जनावर उभं होतं त्या झुडपाला फीत बांधून तिथंच गुडघ्यावर बसून राहिला, मॅरिट येईपर्यंत. प्रॉन्गहॉर्नचं हृदय असतं मुठीएवढं. संध्याकाळी ब्रँटनं एवढ्याशा हृदयाला पुरून उरतील इतके कांदे चिरले. ऑरिन खुर्चीतून उठला आणि त्यानं खुंटीवरून तवा काढला.